मुंबईहून स्टुटगार्टला इंटर्नशिपला निघताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या माटुंग्याच्या कॉलेजातून दर वर्षी काही मुलं-मुली सहा महिन्यांच्या इंटर्नशिपला जर्मनीत जातात, आणि त्यातली बरीचशी स्टुटगार्टला किंवा त्याच्या पंचक्रोशीत. मर्सिडीज, पोर्शे, बॉश, माले ही सगळी मंडळी तिथलीच, त्यामुळे मेकॅनिकल आणि इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचा ओढा तिकडे असणारच. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत, हे मात्र जाणाऱ्यांपैकी फारसं कुणाला ठाऊक नसतं.

मी जाऊन आल्यापासून ज्युनियर्सचे फोन येतात आणि प्रश्न साधारण तेच असतात. म्हणून एकदाचं लिहून काढलं. तुम्ही बर्लिनला किंवा म्युनिकला निघाला असाल तरी यातलं बरंचसं लागू पडेल. झाडू मारण्याची पाळी सोडून.

ऑफर लेटर आलं. आता पहिलं काम कुठलं? पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, खोली?

यातलं कुठलंच नाही. पहिलं काम म्हणजे कॉलेजचं पत्र. (पासपोर्ट नसेलच तर तो अर्ज आज रात्री भरा, पण तो तुमच्याकडे आहे असं धरून चालते.)

कॉलेजच्या ऑफिसातून एक बोनाफाइड आणि एक एनओसी मिळते, ती सगळेच आणतात. पण त्या पत्रात इंटर्नशिप अभ्यासक्रमाचा सक्तीचा भाग आहे की तुम्ही हौसेने करताय, हे स्पष्ट लिहिलेलं असावं लागतं. जर्मनीत या एका ओळीवर बरंच काही ठरतं. अभ्यासक्रमातली सक्तीची इंटर्नशिप असेल तर कंपनीवर किमान वेतनाचं बंधन नाही. ऐच्छिक असेल आणि तीन महिन्यांपेक्षा जास्त चालणार असेल तर आहे, आणि २०२६ मध्ये ते तासाला १३.९० युरो आहे. म्हणजे एकाच टेबलावर बसणाऱ्या दोन इंटर्नच्या पगारात दुप्पट फरक असू शकतो. आता कुणी म्हणेल, मग ऐच्छिकच लिहून घेऊ. तसं करू नका. कंपनीने सक्तीची म्हणून जागा काढली असेल आणि पत्रात दुसरंच असेल, तर कंपनी जागाच रद्द करते. जे खरं आहे ते लिहून घ्या, आणि कंपनीच्या एचआरला ते पत्र आधी पाठवून ‘हे चालेल ना?’ असं ईमेलवर विचारा. फोनवर नको.

दुसरं काम कंपनीचं. परदेशी कॉलेजात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला अभ्यासाशी संबंधित इंटर्नशिपसाठी घ्यायचं तर कंपनीला तिथल्या रोजगार कार्यालयाची संमती घ्यावी लागते. तुमची चार सेमिस्टर झालेली असावी लागतात आणि मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. मोठ्या कंपन्यांना हे तोंडपाठ असतं. छोट्या कंपनीला बहुधा तुम्हीच आठवण करून द्यावी लागते. हा संमतीचा कागद हातात आल्यावर व्हिसा, मग खोली, मग तिकीट. हा क्रम उलटा केला की पैसे बुडतात. व्हिसा हातात नसताना स्वस्त मिळालं म्हणून नॉन-रिफंडेबल तिकीट काढणारा एक तरी नग प्रत्येक बॅचमध्ये असतो.

तीन महिन्यांच्या आतलीच इंटर्नशिप आहे. टुरिस्ट व्हिसावर जाऊन चालेल का?

नाही. कुणाचा चुलतभाऊ तसा जाऊन आला असेल तरीही नाही.

व्हिसाला किती वेळ लागतो? कुठे जायचं?

जर्मन वकिलात नरिमन पॉइंटला आहे, पण अर्ज घेण्याचं काम व्हीएफएस या खासगी कंपनीकडे असतं. महाराष्ट्रात राहणाऱ्यांचा अर्ज मुंबईच्या वकिलातीकडेच जातो, त्यामुळे बेंगळुरूला अपॉइंटमेंट लवकर मिळतेय वगैरे युक्त्या लढवू नका. ९० दिवसांपेक्षा जास्त मुक्काम असेल तर राष्ट्रीय व्हिसा लागतो, त्याची फी ७५ युरो, ती रुपयांत घेतात. वर व्हीएफएसचे पैसे वेगळे.

वेळेचं म्हणाल तर अपॉइंटमेंट मिळायला लागणारा वेळ आणि निर्णय यायला लागणारा वेळ हे दोन वेगळे हिशेब आहेत. पोरं दुसरा मोजतात आणि पहिल्यात अडकतात. तीन-साडेतीन महिने हातात असले तर रात्रीची झोप लागते.

कागदपत्रांची यादी वकिलातीच्या संकेतस्थळावर आहे, ती ज्या दिवशी अपॉइंटमेंट घ्याल त्या दिवशी पुन्हा डाउनलोड करा. सिनियरने व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड केलेल्या यादीवर जाऊ नका, माझ्याही नाही. काउंटरवर यादीच्या क्रमाने कागद लावलेले लागतात. फाइलमध्ये प्लास्टिकच्या पिशव्या, स्टेपलर, गणपतीचा फोटो असं काही नको. फोटो मात्र बायोमेट्रिकच हवा, आणि स्टुडिओवाल्याला ‘शेंगेन साइज’ असं सांगितलं की तो बरोबर काढतो. चेहरा गोरा करू नकोस, हेही त्याला सांगावं लागतं.

आरोग्य विम्याचा कागद लागतो. भारतातून प्रवास विमा काढाल तो निदान ३०,००० युरो कव्हरचा असू द्या. तिथे पोहोचल्यावर विमा कुणी भरायचा, कंपनी की तुम्ही, हे इंटर्नशिपच्या प्रकारावर ठरतं. एचआरला आत्ताच लेखी विचारा.

जर्मन येत नाही. अडेल का?

ऑफिसात अडत नाही, घरमालकापाशी अडतं.

इंजिनियरिंगच्या टीममध्ये इंग्रजीवर काम निभावतं. पण दिवसाच्या उरलेल्या वेळात तुम्हाला बेकरीवाली, पोस्टमन, डॉक्टरची रिसेप्शनिस्ट आणि तळमजल्यावरच्या आजी भेटतात, आणि त्या जर्मनसुद्धा बोलत नाहीत, श्वेबिश ही तिथली बोली बोलतात. काळाघोड्याच्या मॅक्सम्युलर भवनात ए-१ चा, म्हणजे अगदी पहिल्या पातळीचा, कोर्स करून गेलात तरी पहिले काही दिवस एक अक्षर कळणार नाही. गावाकडच्या मालवणीत पुस्तकी मराठीवाला गोंधळतो तसंच ते. तरी कोर्स कराच. आकडे, वेळ, वार, ‘परत सांगा’, ‘हळू बोला’ एवढं पाठ असलं की समोरचा माणूस मवाळ होतो. आणि हो, तिकडे सकाळी ‘गुटन मॉर्गन’ इतकंच ‘ग्र्युस गॉट’ ऐकू येतं. उलट तेच म्हणायचं.

महिन्याला पैसे किती लागतील?

एक मापदंड देते. विद्यार्थी व्हिसासाठी जर्मन सरकार महिन्याला ९९२ युरो खर्च धरतं. स्टुटगार्ट हे महागातलं शहर, तेव्हा त्या आकड्यात भागतं पण घासूनपुसून. सर्वात मोठा घास भाड्याचा. शेअर्ड फ्लॅटमधली एक खोली साधारण ५०० ते ७०० युरोला पडते. जेवण घरी बनवलंत तर दीडशे-दोनशे. ट्रेन-बसच्या पाससाठी ६३. मोबाइल दहा-पंधरा. विम्याचं वर सांगितलंच.

पहिल्या महिन्याचा पगार महिनाअखेरीस येतो, आणि त्याआधीच भाडं आणि डिपॉझिट दोन्ही द्यावं लागतं. म्हणून घरून निघताना दोन महिन्यांचा खर्च अधिक डिपॉझिट एवढी सोय हवी. डिपॉझिट कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकंच घेता येतं. त्यापेक्षा जास्त मागणाऱ्याला लांबूनच नमस्कार.

नोटा किती न्याव्यात? एका प्रवासाला ३,००० डॉलरच्या मोलापर्यंत परकीय चलनाच्या नोटा नेता येतात, पण तेवढ्या कशाला? तीनशे-चारशे युरो रोख आणि बाकी फॉरेक्स कार्डवर. जर्मनीत अजूनही बऱ्याच छोट्या दुकानांत आणि बेकऱ्यांत रोखच चालते, क्रेडिट कार्ड बघून मान हलवतात. खिशात एक युरोचं नाणं कायम ठेवा, सुपरमार्केटची ट्रॉली त्याशिवाय सुटत नाही. परत लावली की नाणं परत.

आपलं भारतातलं सिम बंद करू नका. बँकेचे सगळे ओटीपी त्याच्यावर येतात. निघण्याआधी रोमिंग चालू करून घ्या, डेटा बंद ठेवा, आणि आईच्या नंबरावर ओटीपी यायची व्यवस्था असेल तर तीही तपासा. रात्रीचे साडेअकरा वाजलेत, तुम्हाला पैसे पाठवायचेत आणि मुंबईत आई गाढ झोपलीय, हा प्रसंग हमखास येतो.

खोली इथूनच बुक करू की तिथे जाऊन शोधू?

इथूनच शोधायला लागा, पण पैसे बघून टाका.

विद्यार्थ्यांची सरकारी वसतिगृहं तिथल्या विद्यापीठात नाव असलेल्यांसाठी असतात, इंटर्नला तिथे सरळ प्रवेश नाही. पण तिथले विद्यार्थी जेव्हा स्वतः इंटर्नशिपला बाहेरगावी जातात, तेव्हा आपली खोली काही महिन्यांसाठी पोटभाड्याने देतात. आपल्यासाठी ही सर्वात उत्तम सोय, फर्निचरसकट खोली आणि तीही बरोबर सहा महिन्यांसाठी. मार्च आणि सप्टेंबरच्या सुमारास अशा जाहिराती जास्त दिसतात, कारण तिथली सेमिस्टर एप्रिल आणि ऑक्टोबरला सुरू होतात.

जाहिरातीत दोन भाडी दिसतील, ‘काल्ट’ आणि ‘वार्म’. पहिलं नुसत्या जागेचं, दुसऱ्यात हीटिंग, पाणी, जिन्याचे दिवे वगैरे धरलेलं. तुलना करायची ती दुसऱ्याची. वीज आणि इंटरनेट त्यात आहे का, हे तरी विचाराच.

फसवणूक कशी होते ते ऐका. जागा सुंदर, भाडं निम्मं, मालक ‘सध्या परदेशी’ आहे. तो म्हणतो, डिपॉझिट पाठवा, चावी कुरिअरने येईल. अशी चावी येत नसते. व्हिडिओ कॉलवर खोली दाखवायला जो कां-कूं करतो त्याला पैसे नाहीत. कॉलवर खिडकीबाहेरचा रस्ता दाखवायला सांगा आणि नकाशावर ताडून बघा. कंपनीच्या इंटर्नचा ग्रुप असतो, त्यात निघालेला जुना इंटर्न आपली खोली पुढच्याला देऊन जातो. एचआरला त्या ग्रुपबद्दल पहिल्याच आठवड्यात विचारलंत तर निम्मा घोर मिटला.

आणखी एक अट घालाच: ‘नोंदणीसाठी पत्र देणार का?’ का, ते पुढच्या प्रश्नात.

पोहोचल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत काय काय करायचं?

आनमेल्डुंग. म्हणजे राहत्या पत्त्याची नोंदणी. घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ती करायची असते, आणि त्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र लागतं, नुसता भाडेकरार चालत नाही. अपॉइंटमेंट ऑनलाइन घ्यावी लागते आणि ती पटकन मिळत नाही, म्हणून पत्ता पक्का झाला की मुंबईत बसूनच घेऊन टाका. तारीख थोडी उशिराची मिळाली तर वेळेत बुक केल्याचा ईमेल जपून ठेवा.

या नोंदणीचा कागद हा पुढच्या सगळ्या कागदांचा बाप. नोंदणी झाली की दोन-तीन आठवड्यांत टपालाने टॅक्स क्रमांक येतो. तो पगार खात्याला दिला नाही तर पगारातून सर्वात चढा कर कापला जातो. बँक खात्याला बहुतेक ठिकाणी हाच कागद मागतात.

आता इथे एक बारीकशी गोष्ट आहे, जी कुठल्याच यादीत नसते. तिकडे इमारतीच्या दारात पितळी किंवा पत्र्याच्या टपालपेट्यांची रांग असते आणि पोस्टमन फ्लॅट नंबर बघत नाही, कारण फ्लॅटला नंबरच नसतो. तो पेटीवरचं आडनाव बघतो. पेटीवर तुमचं आडनाव नसेल तर पत्र आल्या पावली परत जातं. टॅक्स क्रमांक, बँकेचं कार्ड, त्याचा पिन, सगळं. खोलीत बॅग ठेवायच्या आधी एका कागदावर ठळक अक्षरांत आडनाव लिहा, पासपोर्टवर आहे त्याच स्पेलिंगने, आणि टेपने पेटीवर चिकटवा. बेलवरही. नंतर घरमालक नीट पाटी करून देईल.

थोड्या दिवसांनी रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येईल, महिन्याला १८.३६ युरो. टीव्ही नाही म्हणून ते सुटत नाही, पण ती वर्गणी घरटी एकच असते. फ्लॅटमधला कुणी आधीच भरत असेल तर त्याचा क्रमांक कळवायचा. पत्र फेकून देऊ नका, ती मंडळी चिवट आहेत.

बॅगेत काय न्यायचं, काय नाही?

आधी नाहीचं सांगते, कारण आज्यांशी भांडण तिथेच होतं. युरोपीय संघाबाहेरून येताना मांस आणि दुधाचे पदार्थ स्वतःपुरतेसुद्धा नेता येत नाहीत. म्हणजे साजूक तूप नाही, पेढे नाहीत, खवा नाही. ताजी फळं-भाज्याही आरोग्य प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. त्याला अपवाद फक्त अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर. हापूस नाही. मे महिन्यात निघणाऱ्यांना हे फार लागतं. कढीपत्तासुद्धा ताजा नको.

न्यायचं ते कोरडं. लालबागच्या मिरची गल्लीतून कुटून घेतलेला मसाला, गोडा मसाला, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, हिंग, कोकम. सगळं सीलबंद, दोन-दोन पिशव्यांत. मसाल्याच्या वासाने कपडे सहा महिने घमघमतात, आणि ऑफिसात ते सगळ्यांनाच आवडतं असं नाही. डाळ-तांदूळ नेऊन वजन खाऊ नका, तुर्की आणि आशियाई दुकानांत सगळं मिळतं.

कुकर नेताना त्याचं बूड बघा. ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापत नाही. छोटा, स्टीलचा, इंडक्शनला चालणारा घ्या.

थंडीचं जॅकेट मुंबईत घेऊ नका. आपल्याकडे थंडीचे म्हणून विकतात ते कपडे माथेरानच्या थंडीचे असतात. अंगालगतचे थर्मल, एक स्वेटर आणि विमानतळावरून खोलीवर पोहोचण्यापुरतं काहीतरी, बस. जॅकेट आणि बूट तिथे घ्यायचे, सेकंड-हँड दुकानात चांगले मिळतात.

रोजची औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीसकट. तिथे अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मिळत नाही, आणि नाक्यावरच्या केमिस्टला ‘काका, सर्दीचं काहीतरी द्या’ म्हणायची सोय नाही. चष्मा असेल तर दोन. आपल्या फोनचे दोन पिनांचे चार्जर तिकडच्या सॉकेटला बहुधा बसतात, लॅपटॉपच्या जाड तीन पिनांना अडॅप्टर लागतो.

विमान थेट स्टुटगार्टला जातं का?

मुंबईहून थेट नाही. फ्रँकफर्टला उतरून पुढे जलद रेल्वेने सव्वा-दीड तासात स्टुटगार्ट. दुसरं विमान पकडण्यापेक्षा मला हेच बरं वाटतं, फक्त बॅगा स्वतःच उचलाव्या लागतात. युरोपच्या फ्लाइट बहुतेक मध्यरात्रीनंतरच्या, त्यामुळे तारखेचा घोळ होतो. तिकिटावर १ तारीख, पहाटेचे दोन असं असेल तर घरून ३१ च्या रात्री निघायचं. मेट्रो ३ थेट विमानतळाच्या टी-२ ला जाते खरी, पण त्या वेळेला ती झोपलेली असते.

‘केरवोखं’ हे काय प्रकरण आहे? सिनियर हसतात नुसते.

हसू द्या. स्टुटगार्ट ज्या श्वाबन प्रांतात येतं तिथली ही जुनी रीत. इमारतीचा जिना, तळघराची वाट आणि समोरचा फुटपाथ साफ करायची आठवड्याची पाळी असते, आळीपाळीने प्रत्येक घराकडे. पाळी तुमच्याकडे आली की दाराच्या मुठीला एक छोटी पाटी लटकवलेली दिसते. संध्याकाळी ऑफिसातून दमून येता, चावी काढता आणि ती पाटी डुलत असते. शनिवारपर्यंत जिना झाडायचा, ओल्या फडक्याने पुसायचा, पानगळीत फुटपाथवरची पानं गोळा करायची, बर्फ पडला तर तोही लोटायचा. मग पाटी शेजारच्या दाराला अडकवून मोकळं व्हायचं.

सोसायटीत महिना मेंटेनन्स भरून मोकळे होणारे आपण, त्यामुळे पहिल्यांदा हे गमतीचं वाटतं. पण शेजाऱ्यांचं तुमच्याबद्दलचं मत याच आठवड्यात ठरतं. वरच्या मजल्यावरच्या आजी कठड्यावरून बोट फिरवून बघतात. नीट पुसलंत तर त्याच आजी पुढे केकचा तुकडा घेऊन येतात, पार्सल ठेवून घेतात, चावी विसरलात तर दार उघडतात. काही इमारतींनी आता हे काम बाहेर दिलंय. करारात बघा.

बाकीचे नियमही याच जातीचे. रात्री दहानंतर शांतता, रविवारी दिवसभर. रविवारी ड्रिल नाही, काचेच्या बाटल्या फोडत टाकणं नाही. कचरा वेगवेगळा: कागद, ओला, वेष्टणं, उरलेला. पाणी-कोल्ड्रिंकच्या प्लास्टिकच्या बाटल्या आणि कॅन टाकू नका, प्रत्येकी २५ सेंट परत मिळतात. सुपरमार्केटमधल्या यंत्रात टाका आणि पावती काउंटरला दाखवा. आपल्या भंगारवाल्याने खूश व्हावं असा भाव आहे.

खिडकी रोज पूर्ण उघडून खोली हवेशीर करायची, भर थंडीतही, पाच-दहा मिनिटं. नाही केलं तर भिंतीला बुरशी धरते आणि डिपॉझिटमधून कापून घेतात.

शाकाहारी माणसाचं कसं होतं?

होतं. पूर्वीपेक्षा कितीतरी सोपं झालंय, ‘वेगन’ हा शिक्का आता प्रत्येक शेल्फवर दिसतो. तरी डोळे उघडे ठेवा. चीज घातलेल्या ‘स्पेट्झलं’ नावाच्या शेवया कँटीनमध्ये शाकाहारी म्हणून मिळतात, त्यात अंडं असतं. ब्रेत्झल नावाचा पीळ घातलेला पाव निरागस दिसतो, पण काही बेकऱ्या त्याच्या पिठात डुकराची चरबी घालतात. विचारून घ्या. जेलीच्या गोळ्यांत आणि काही दह्यांत जिलेटिन असतं.

पोळ्यांसाठी सुपरमार्केटचं पांढरं पीठ आणलंत तर रबर होतं, भारतीय दुकानातला आटाच आणा. आणि क्वार्क नावाचा दह्याचा चक्का डब्यात मिळतो. जास्त चरबीचा घ्या, साखर, वेलची आणि घरून आणलेलं केशर घाला. दहा मिनिटांत श्रीखंड. गुढीपाडव्याला ऑफिसात नेलंत तर पुढच्या वर्षीच्या इंटर्नची सोय होऊन जाईल.

फोडणी करताना स्वयंपाकघराचं दार लावा, खिडकी उघडा. खोल्यांत आणि पॅसेजमध्ये धुराचे अलार्म असतात, त्यांना मोहरी-हिंगाशी काही देणंघेणं नाही.

रविवारी दुकानं बंद, सणाच्या सुट्टीलाही बंद. शनिवारी संध्याकाळी फ्रिज बघायची सवय लावा. अगदीच अडलं तर मोठ्या स्टेशनातली दुकानं उघडी असतात, महाग.

ऑफिसात कसं वागायचं?

नऊची मीटिंग म्हणजे आठ पंचावन्न. उशीर होणार असेल तर आधी कळवा, ट्रेन लेट होती हे तिथे खरं कारण आहे आणि सगळ्यांना पटतं. जर्मन रेल्वे आपण समजतो तशी वक्तशीर राहिलेली नाही.

मॅनेजरला ‘सर’ नको. नावाने हाक मारायची की आडनावाने, हे समोरचा सुरुवातीला कशी ओळख करून देतो त्यावरून कळतं, त्याने नाव सांगितलं तर नाव.

आपल्या मुलांना सर्वात जड जातं ते ‘नाही’ म्हणणं आणि ‘कळलं नाही’ म्हणणं. आपण मान डोलावतो, ‘करतो’ म्हणतो आणि शेवटच्या रात्री जागून ओढून नेतो. तिथे मान डोलावली म्हणजे काम कळलं, वेळेत होणार, विषय संपला. दोन दिवस अडकून बसलात आणि बोललात नाही, तर तो कामचुकारपणा समजतात. अडलं की त्याच दिवशी विचारा. आणि टीका सरळ तोंडावर येते, गोडीत घोळवून नाही. ‘हे चूक आहे’ म्हणजे एवढंच की हे चूक आहे. तुम्ही चूक आहात असं कुणी म्हटलेलं नसतं, दुपारी तोच माणूस तुमच्याबरोबर जेवायला येतो.

संध्याकाळी उशिरापर्यंत बसून छाप पडत नाही.

ट्रेनचा पास कुठला घ्यावा?

डॉइचलँड-टिकीट. जानेवारी २०२६ पासून महिन्याला ६३ युरो, देशभरातल्या लोकल गाड्या, ट्राम, बस सगळ्यांत चालतो. लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांत नाही. ही वर्गणी दर महिन्याला आपोआप पुढे चालू राहते, ज्या महिन्याच्या अखेरीस बंद करायची त्याच महिन्याच्या १० तारखेपर्यंत कळवा. स्टेशनांत गेट नाहीत, आपल्या लोकलसारखंच. टीसी साध्या कपड्यांत येतो, आणि विनातिकीट सापडलात तर ६० युरो. गयावया चालत नाही.

आजारी पडलो तर?

जीवावरचं असेल तर ११२. रात्री-अपरात्री ताप आलाय, पण रुग्णवाहिका लागेल असं नाही, अशा वेळी ११६११७. दिवसा असेल तर जवळचा फॅमिली डॉक्टर, आधी फोन करून. ऑफिसला त्याच सकाळी, काम सुरू व्हायच्या आत कळवायचं. पासपोर्ट हरवला तर आपली वकिलात म्युनिकला आहे, स्टुटगार्ट तिच्याच अखत्यारीत येतं.

एकटं वाटतं का हो? खरं सांगा.

वाटतं. पहिले तीन आठवडे नवलाईत जातात, मग खरा त्रास सुरू होतो. हिवाळ्यात गेलात तर डिसेंबरात सकाळी सव्वाआठला उजाडतं आणि साडेचारला अंधार. ऑफिसला जाताना काळोख, येताना काळोख. जून-जुलैत उलट, रात्री नऊलाही लख्ख ऊन. जमलं तर एप्रिल ते सप्टेंबरचा स्लॉट मागा, असं मी सगळ्यांना सांगते.

जर्मन सहकारी प्रेमळ असतात, पण मैत्री हळू होते. ‘ये कधीतरी घरी’ असं उगीच म्हणत नाहीत, म्हटलं तर तारीख ठरते. क्लबात नाव घाला: टेकडी चढायचा, बॅडमिंटनचा, गाण्याचा, कशाचाही. शहर खोलगट भागात वसलंय, चहूबाजूंनी टेकड्या, त्यांवर द्राक्षाचे मळे आणि मळ्यांतून चढणारे दगडी जिने. रविवारी दुकानं बंद असताना हे जिने चढायला मजा येते.

मराठी मंडळी सापडतात, गणपती बसतो, आरतीला जाच. पण सगळा वेळ आपल्याच लोकांत काढलात तर मग ठाण्याला का गेला नाहीत?

घरच्यांच्या फोनची वेळ ठरवून टाका. उन्हाळ्यात भारत साडेतीन तास पुढे, हिवाळ्यात साडेचार. घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, आणि त्या सोमवारी आई हमखास विचारते, ‘फोन का नाही केलास?’

सुट्टीत पॅरिस, प्राग फिरता येईल का?

राष्ट्रीय व्हिसावर इतर शेंगेन देशांत (युरोपातल्या एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांत) १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत जाता येतं. पासपोर्ट बरोबर हवा. लंडनला वेगळा व्हिसा. कंपनीची रजा किती, ते करारात बघा. कंपनीला न सांगता शुक्रवारी पळू नका.

परत निघताना काय काय उरकायचं?

नोंदणी केली होती तशी ती रद्दही करायची असते, निघण्याच्या आधी आठवडाभरात करता येते. फोन, पास, जिम ही सगळी कंत्राटं लेखी बंद करा. खोली रंगवून द्यायची की नुसती साफ करून, करारात असतं. आलात त्या दिवशी काढलेले भिंतींचे फोटो आता कामाला येतात, म्हणून ते आलात त्याच दिवशी काढा. डिपॉझिट लगेच मिळत नाही, जर्मन खातं दोन-तीन महिने चालू ठेवा.

पगारातून कर कापला गेला असेल तर रिटर्न भरा. २०२६ साठी वर्षाला १२,३४८ युरोपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर नाही, तेव्हा सहा महिन्यांच्या इंटर्नला कापलेल्यातलं बरंच परत मिळतं. आळस केला तर तो पैसा तिथेच राहतो.

कंपनीकडून सविस्तर प्रशस्तिपत्र मागा, नुसतं ‘या कालावधीत काम केलं’ एवढं नको. त्या पत्रांची भाषा ठरावीक असते. वरवर सगळंच कौतुक, पण कुठला शब्द आहे आणि कुठला गाळलाय यावरून वाचणाऱ्याला श्रेणी कळते. जर्मन सहकाऱ्याला वाचायला द्या, आणि काही खटकलं तर मॅनेजरला भेटून बदलून घ्या. हे तिथे असताना होतं, मुंबईतून ईमेल करून होत नाही.

कॉलेजात परत काय जमा करायचं?

कंपनीचं प्रमाणपत्र, मॅनेजरच्या सहीचं मूल्यमापन आणि अहवाल. अहवालात कंपनीची आकृती, मोजमाप, कोड काही टाकायचं असेल तर त्याची परवानगी निघण्यापूर्वी लेखी घ्या, गोपनीयतेच्या करारावर तुम्ही पहिल्याच दिवशी सही केलेली असते. मूल्यमापनाचा फॉर्म कॉलेजच्याच नमुन्यात लागतो, तो जातानाच छापून बरोबर न्या. आणि शिक्का. जर्मन मॅनेजर सही करून देतो, शिक्का कशाला म्हणून विचारतो. आपल्या ऑफिसात शिक्क्याशिवाय कागद हलत नाही, तेव्हा एचआरकडे एखादा गोल शिक्का आहे का, ते शेवटच्या आठवड्यात शोधून ठेवा.